मूळ निळं झालं, पण नेमकं कुठे? गस रंगणी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ट्यूबमधलं अख्खं मूळ निळंशार झालं की नवखा विद्यार्थी खूश होतो. मीही झालो होतो. रोपं रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवली होती, सकाळी बघतो तर सगळी मुळं शाईत बुडवल्यासारखी. धावतच सरांना दाखवायला गेलो. त्यांनी ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "कोणत्या पेशीत आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण रंग सगळीकडेच होता. गस रंगणी म्हणजे एखादं जनुक रोपाच्या कोणत्या भागात चालू आहे ते निळ्या रंगाने दाखवणारी पद्धत. तिच्यात निळा रंग आणणं सोपं आहे. तो वेळेवर थांबवणं आणि नंतर नीट वाचणं, खरं काम तेवढंच. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ज्यांच्या हातात अरेबिडॉप्सिसच्या बिया आणि हा रंग आणणाऱ्या एक्स-ग्लुक या रसायनाची महागडी बाटली येते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मूळ ओळखा

अरेबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली वीतभर वनस्पती. कोवळ्या रोपाचं मूळ केसासारखं, जेमतेम ०.१ ते ०.१५ मिमी रुंद. पण इतकं शिस्तीचं मूळ शोधून सापडणार नाही. बाहेरून आत जाताना अपित्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा आणि परिरंभ असे थर लागतात. कोवळ्या मुळात यातला प्रत्येक थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. ही झाली पुस्तकातली मराठी नावं. प्रयोगशाळेत सगळे एपिडर्मिस, कॉर्टेक्स, एंडोडर्मिस आणि पेरिसायकल म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच म्हणतो. पेरिसायकल आणि त्याच्या आतलं सगळं, म्हणजे पाणी वाहणारं झायलेम आणि अन्न वाहणारं फ्लोएम, मिळून होतो तो स्टील. (भांड्यांचं स्टील आठवतं, पण इलाज नाही.)

आडवा छेद घेतला तर कॉर्टेक्सच्या ८ पेशी आणि एंडोडर्मिसच्याही ८ पेशी गोलाकार बसलेल्या दिसतात. एपिडर्मिसमध्ये पेशी जास्त असतात, पण मूलरोम कोणत्या पेशीवर फुटणार हे जागेवरून ठरतं. कॉर्टेक्सच्या दोन पेशींच्या खाचेवर बसलेल्या पेशीला मूलरोम येतो, एकाच कॉर्टेक्स पेशीवर बसलेलीला येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे रंगाचे पट्टे वाचताना उपयोगी पडेल.

उभ्या दिशेने टोकापासून वर सरकलं की आधी मूलटोपी, मग क्यूसी म्हणजे क्वायसेंट सेंटरच्या मूठभर संथ पेशी, मग भराभर विभागणाऱ्या लहान चौकोनी पेशींचा मेरिस्टेम, मग पेशी लांब होण्याचा भाग आणि शेवटी पहिला मूलरोम दिसतो तिथून पुढे परिपक्व भाग. पहिल्या दिवशी रंगबिंग काही न करता वाइल्ड टाइपचं, म्हणजे जनुक न बदललेल्या रोपाचं, एक साधं मूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि हे सगळं वहीत काढा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढे कॉर्टेक्सला एंडोडर्मिस म्हणतात.

निळा रंग येतो कुठून

रोपाच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. अरेबिडॉप्सिसमध्ये प्रथिनं बनवणारी सुमारे २७,०००. कोणतं जनुक कोणत्या पेशीत आणि केव्हा चालू होणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रमोटर, ठरवतो. त्या प्रमोटरला मूळ जनुकाऐवजी एक परकं, सहज दिसणारं जनुक जोडलं की प्रमोटर जिथे चालू होतो तिथे ते परकं जनुक बोलतं. हे परकं जनुक ई. कोलाय या जिवाणूचं आहे. त्यापासून बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे विकर बनतं, तेच गस. रॉबर्ट जेफरसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये वनस्पतींसाठी ही पद्धत मांडली.

आपण मुळाला एक्स-ग्लुक पाजतो. ते रंगहीन असतं. गस त्यातला ग्लुक्युरोनिक आम्लाचा भाग तोडतं आणि एक रंगहीन इंडॉक्सिल मोकळं होतं. त्याचे दोन रेणू ऑक्सिडीकरणाने एकमेकांना जोडले गेले की पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होऊन जागच्या जागी बसतो. नीळ रंगवणाऱ्यांच्या हौदातही हीच करामत चालते. कापड हौदातून बाहेर काढताना हिरवट पिवळं असतं आणि हवा लागली की निळं होतं. पुढची निम्मी भानगड या दोन टप्प्यांमधल्या वेळात आहे. तोडलेला पण अजून न जोडलेला रेणू रंगहीन असतो, विरघळतो आणि शेजारच्या पेशीत पळून जाऊ शकतो.

पायरी १: जनुक निवडा, आधी संगणकावर पाहा

उदाहरण म्हणून मी आयआरटी१ घेतो. हे जनुक मातीतलं लोह पेशीत ओढून घेणारं प्रथिन बनवतं. १९९६ मध्ये लोह शोषता न येणाऱ्या यीस्टला अरेबिडॉप्सिसची जनुकं देऊन ते शोधलं गेलं. आपल्याकडे चुनखडीच्या काळ्या जमिनीत ऊस किंवा भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात, शेतकरी त्याला केवडा म्हणतात. लोहाच्या कमतरतेने येणाऱ्या केवड्यात जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुन्यामुळे सामू चढतो आणि ते विरघळत नाही. अरेबिडॉप्सिससारखी द्विदल पिकं अशा वेळी मुळाशी आम्ल सोडतात, लोहाचं रूप बदलतात आणि आयआरटी१ सारख्या प्रथिनांनी ते आत घेतात. ऊस गवताच्या कुळातला, त्याची युक्ती वेगळी. तो लोहाला पकडणारे रेणू मुळातून बाहेर सोडतो आणि ती जोडी अख्खी आत घेतो. म्हणून अरेबिडॉप्सिसमध्ये दिसलेलं भुईमुगाला लावताना थोडा विचार करावा, उसाला लावताना फार.

आयआरटी१ चा क्रमांक एटी४जी१९६९०. सुरुवातीची दोन अक्षरं वनस्पतीची, ४ हा गुणसूत्राचा क्रमांक, मग जी म्हणजे जनुक आणि शेवटी त्या गुणसूत्रावरची जागा. हा क्रमांक टोरांटो विद्यापीठाच्या ई-एफपी ब्राउझरमध्ये टाका. रोपाचं चित्र उघडतं आणि जनुक जिथे जास्त बोलतं तो भाग लाल होतो. त्यातला मुळाचा नकाशा ज्या कामातून आला ते माहीत असू द्या. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या फिलिप बेन्फी यांच्या गटाने एकेका ऊतीत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन असलेली रोपं घेतली, विकरांनी पेशीभित्ती विरघळवली, चमकणाऱ्या पेशी यंत्राने वेगळ्या केल्या आणि त्यांतली जनुकं मोजली. २००७ मध्ये हाच नकाशा आणखी बारकाईने झाला. २००८ मध्ये याच पद्धतीने मीठ आणि लोहाची कमतरता यांना कोणती ऊती कसा प्रतिसाद देते ते पाहिलं गेलं. २०१९ पासून एकेका पेशीचं आरएनए, म्हणजे चालू जनुकाची निघणारी प्रत, वाचायची सोय मुळासाठी आली, आणि एकाच वर्षात निरनिराळ्या प्रयोगशाळांनी असे नकाशे छापले.

नकाशा बघताना दोन गोष्टी मनात ठेवा. पेशीभित्ती विरघळवताना पेशीला धक्का बसतो आणि त्या धक्क्यानेच काही जनुकं चालू होतात. दुसरी गोष्ट अशी की साधा नकाशा पोट भरलेल्या रोपांचा आहे. उपाशी असतानाच जागं होणारं आयआरटी१ तिथे झोपलेलं दिसलं, तर ते मुळात नाहीच असं लिहून मोकळे होऊ नका.

पायरी २: बिया जमवा, परवानगीसकट

किमान तीन प्रकारच्या बिया लागतात. (यातली ‘ओळ’ म्हणजे एकाच रोपापासून पुढे चालवलेला वंश.) आयआरटी१ चा प्रमोटर गसला जोडलेली ओळ, काहीही न जोडलेला वाइल्ड टाइप (बहुतेकदा कोलंबिया, म्हणजे कोल-०) आणि ३५एस प्रमोटरला गस जोडलेली ओळ. ३५एस फुलकोबीच्या विषाणूचा प्रमोटर आहे आणि जवळपास सगळ्या पेशींत चालतो. तुमचं द्रावण बिघडलं आहे की जनुक खरंच गप्प आहे, हे फक्त हीच ओळ सांगते. चौथी मिळाली तर उत्तम, म्हणजे जिची ऊती आधीच ठाऊक आहे अशी. एंडोडर्मिस आणि क्यूसीसाठी स्केअरक्रो या जनुकाचा प्रमोटर, मूलरोम न येणाऱ्या पेशींसाठी जीएल२ चा, फ्लोएमच्या सोबती पेशींसाठी एसयूसी२ चा.

जगभरातल्या ओळी अमेरिकेतल्या ओहायो आणि इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या बीजकोशांत मिळतात. पण जनुक बदललेल्या बिया पाकिटात घालून मागवता येत नाहीत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी, मग केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागातल्या आरसीजीएम या जनुकबदलांच्या आढावा समितीची परवानगी आणि आयात एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेच्या मार्फत, असा रस्ता आहे. कागदपत्रांना महिने लागतात हे धरूनच प्रकल्पाचं वेळापत्रक आखा. देशातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडून ओळ घेतली, तरी आपल्या समितीच्या नोंदीत ती आली पाहिजे.

स्वतः ओळ बनवणार असाल तर एकच सल्ला: एका रोपावर विसंबू नका. रोपात जनुक घालायला वापरतात तो ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू डीएनए कुठेही नेऊन टाकतो, आणि पडलेल्या जागेच्या शेजारपाजाराचा रंगावर परिणाम होतो. निदान चार-पाच स्वतंत्र ओळींत एकच चित्र दिसलं तर ते जनुकाचं समजावं.

पायरी ३: रोपं वाढवा

बिया ७०% इथेनॉलमध्ये एक-दोन मिनिटं, मग ब्लीचमध्ये (सोडियम हायपोक्लोराइट २% च्या आसपास, साबणासारख्या ट्वीन-२० चा एक थेंब) आठ-दहा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा. स्वच्छतेचा हट्ट इथे केवळ बुरशीसाठी नाही. गस मुळात ई. कोलायचं विकर आहे. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आहे का हे तपासायलाही एक्स-ग्लुक याच कारणाने वापरतात. प्लेटवर जिवाणू वाढले तर मुळाच्या पृष्ठभागावर सुंदर निळे ठिपके येतात आणि ते जिवाणूंचे असतात.

अर्ध्या मात्रेचं एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक माध्यम, सामू ५.७, अगार १% च्या आसपास. बिया एका ओळीत ठेवा, प्लेट मायक्रोपोर टेपने बंद करा आणि दोन-तीन दिवस ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे सगळ्या एकदम रुजतात. मग २२ अंशांच्या आसपास, १६ तास उजेडात, प्लेट उभी. उभी ठेवण्याचं कारण साधं आहे. मुळं अगारच्या पृष्ठभागावरून सरळ खाली जातात आणि काढताना तुटत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज गेली आणि ग्रोथ चेंबर तापला की त्या आठवड्याची रोपं सरळ टाकून द्यावीत. तापलेल्या रोपांचे निष्कर्ष नंतर कशाशीच जुळत नाहीत.

आयआरटी१ साठी पाचव्या दिवशी निम्मी रोपं लोह असलेल्या (५० मायक्रोमोलर लोह-ईडीटीए) आणि निम्मी लोह न घातलेल्या नव्या प्लेटवर हलवा आणि तीन दिवस थांबा. लोह घातलं नाही म्हणजे प्लेट लोहमुक्त झाली असं नसतं. अगारमध्येही लोह असतं. म्हणून लोहहीन प्लेटमध्ये फेरोझिन घालतात, ते उरलंसुरलं लोह बांधून ठेवतं. हलवताना मुळाला चिमटा लावू नका, पानांच्या खालून उचला. चेपलेल्या किंवा तुटलेल्या जागी रंग वेगळाच वागतो.

पायरी ४: द्रावण

एकूण १० मिली करायचं तर असं घ्या. ०.२ मोलर सोडियम फॉस्फेट, सामू ७.०, २.५ मिली. ०.५ मोलर ईडीटीए २०० मायक्रोलिटर. ५० मिलिमोलर पोटॅशियम फेरीसायनाइड १०० मायक्रोलिटर आणि तेवढ्याच ताकदीचं फेरोसायनाइड १०० मायक्रोलिटर. १०% ट्रायटन एक्स-१०० चे १०० मायक्रोलिटर. १०० मिलिमोलर एक्स-ग्लुक १०० मायक्रोलिटर. बाकी ६.९ मिली पाणी. एक्स-ग्लुक डीएमएफ या द्रावकात विरघळवतात. सायक्लोहेक्सिलअमोनियम क्षार असेल तर १ मिलीला ५२ मिलिग्रॅम, आणि लहान लहान ट्यूबांत वाटून उणे २० अंशांत. दर वेळी एकच बाटली वितळवली आणि गोठवली तर महिन्याभरात ती दमते. डीएमएफ हातमोजे घालून आणि फ्यूम हूडमध्येच हाताळा. फेरी-फेरोसायनाइड असलेल्या कचऱ्यात आम्ल कधीही ओतू नका, विषारी वायू निघू शकतो.

फेरी आणि फेरोसायनाइडचं प्रमाण हे या पाककृतीतलं मीठ आहे. ते इंडॉक्सिलच्या ऑक्सिडीकरणाला घाई लावतात, त्यामुळे रेणू शेजारी पळायच्या आत निळा होऊन बसतो. कमी पडलं तर रंग पसरतो, जास्त झालं तर गसच मंदावतं. ०.५ मिलिमोलरने सुरुवात करा. रंग शेजारच्या थरांत ओघळलाय अशी शंका आली तर २ पर्यंत वाढवून पाहा. रंग फिका येईल, पण खरी जागा दाखवेल. मला तरी फिका आणि खरा जास्त आवडतो.

पायरी ५: रंगवा आणि घड्याळ बघत बसा

रोपं बर्फावरच्या ९०% ॲसिटोनमध्ये २० मिनिटं. याने पेशींच्या पापुद्र्यांना वाटा मिळतात आणि द्रावण आतपर्यंत पोचतं. मग एक्स-ग्लुक नसलेल्या द्रावणाने दोनदा धुवा. २४ घरांच्या प्लेटमध्ये घरटी अर्धा मिली रंगद्रावण आणि आठ-दहा रोपं. डेसिकेटरमध्ये पाच-दहा मिनिटं हलका निर्वात, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. मग ३७ अंशांत, अंधारात.

आता माझी चूक तुम्ही करू नका. एका घराऐवजी चार घरं घ्या आणि अर्धा तास, एक तास, तीन तास, रात्रभर अशा चार वेळांना थांबवा. बलवान प्रमोटर अर्ध्या तासातच दिसतात, अशक्त प्रमोटरना रात्रभर लागते. रंग पहिल्यांदा जिथे उमटतो ती जागा सगळ्यात विश्वासाची. नंतर जे निळं होतं त्यात पसरलेलं, गळलेलं आणि थोडंसं खरं असं सगळं मिसळतं. थांबवायचं म्हणजे द्रावण काढून ७०% इथेनॉल घालायचं. पानं असतील तर दोन-तीन वेळा इथेनॉल बदला, हिरवेपणा निघून जातो. मुळाला त्याची फारशी गरज नसते.

एक घर एक्स-ग्लुकशिवायचंही ठेवा. आयआरटी१ सारख्या लोहाच्या प्रयोगात याला वेगळं महत्त्व आहे. फेरोसायनाइड आणि फेरिक लोह भेटले की प्रशियन ब्लू बनतो. लोह शोधायची पर्ल्सची रंगणी याच तत्त्वावर चालते, फक्त ती आम्लात करतात. आपलं द्रावण उदासीन आहे आणि त्यातलं ईडीटीए लोह धरून ठेवतं, म्हणून धोका कमी. पण लोह दिलेल्या मुळावर निळा रंग शोधत असताना निळ्याचं हे दुसरं कारण तपासलेलं असावं.

पायरी ६: पारदर्शक करा

मूळ बारीक असल्याने नुसत्या ग्लिसरॉलमध्ये ठेवलं तरी काम भागतं. आतला थर स्पष्ट हवा असेल तर ८ ग्रॅम क्लोरल हायड्रेट, २ मिली पाणी, १ मिली ग्लिसरॉल असं मिश्रण करा. मूळ त्यात तासभर ठेवलं की काचेसारखं होतं. क्लोरल हायड्रेट एकेकाळी झोपेचं औषध होतं, तेव्हा हातमोजे आणि कुलूपबंद कपाट. कव्हरस्लिप ठेवताना दाबू नका, चेपलेल्या मुळात सगळे थर एकमेकांवर चढतात.

पायरी ७: वाचा

इथे घाई करू नका. मूळ गोल आहे आणि तुम्ही ते वरून बघताय. वरच्या पृष्ठभागावर फोकस केला तर फक्त एपिडर्मिसमध्ये असलेला रंगही अख्ख्या रुंदीभर दिसतो. फोकस हळूहळू खाली नेत मुळाच्या बरोबर मध्यावर आणा. मध्यावर आलात हे कसं कळणार? झायलेमचे नळे सुस्पष्ट दिसतात आणि दोन्ही कडा एकाच वेळी धारदार होतात.

आता रेघा मोजा. रंग अगदी दोन्ही कडांना आणि मध्ये मूळ स्वच्छ, तर एपिडर्मिस. कडेची एक पेशी सोडून दोन रेघा, तर कॉर्टेक्स. दोन पेशी सोडून दोन बारीक रेघा, तर एंडोडर्मिस. एकच जाड पट्टा मधोमध, तर स्टील. लोहहीन प्लेटवरच्या आयआरटी१ मध्ये तुम्हाला कडांचा रंग दिसायला हवा, आणि लोह असलेल्या प्लेटवर खूप फिका किंवा काहीच नाही. जीएल२ ची ओळ असेल तर वरच्या पृष्ठभागावर लांबट उभे पट्टे दिसतील, एक रंगीत, एक कोरा. कोऱ्या रांगा मूलरोमाच्या, आणि त्यांच्या खाली कॉर्टेक्सच्या दोन पेशींची खाच आहे का तेही पाहा. पहिल्या दिवशी काढलेली आकृती इथे शेजारी ठेवा.

एंडोडर्मिस की पेरिसायकल असा वाद उभा राहिला तर उभ्या दृश्यावर तो मिटत नाही, आडवा छेद घ्यावा लागतो. बी.एस्सी.ला आपण ब्लेडने हरभऱ्याच्या मुळाचे छेद घेतले त्या पद्धतीने हे मूळ कापता येत नाही, केस उभा चिरण्यासारखं होतं. रंगवलेली मुळं ४-५% वितळलेल्या अगारोजमध्ये घालून थंड करा, वडीचे चौकोन कापा आणि व्हायब्रेटोमने, म्हणजे थरथरत्या पात्याच्या यंत्राने, चकत्या काढा. व्हायब्रेटोम नसेल तर नव्या ब्लेडने हातानेही काही चकत्या साधतात, पन्नासात पाच. मूळ वडीत सरळ बसलंय ना ते मात्र बघा, तिरकी चकती सगळं खोटं सांगते.

फसवणाऱ्या गोष्टी

गस फार टिकाऊ प्रथिन आहे. जनुक बंद झालं तरी ते काही दिवस पेशीत राहतं. मेरिस्टेममध्ये चालू असलेलं जनुक वरच्या परिपक्व भागातही निळं दिसलं, तर ते चालू असेलच असं नाही. ती पेशी काल मेरिस्टेममध्ये होती आणि कालचं गस सोबत घेऊन वर आली असेल.

काही वनस्पतींमध्ये स्वतःचंच गससारखं विकर असतं. अरेबिडॉप्सिसच्या मुळात याचा त्रास कमी, पण दुसऱ्या पिकात हीच रंगणी करणार असाल तर वाइल्ड टाइपच आधी रंगवा. तो निळा झाला तर द्रावणात २०% मिथेनॉल घालून पाहा, वनस्पतीचं स्वतःचं विकर दबतं आणि जिवाणूचं बऱ्यापैकी चालू राहतं.

प्रमोटरचा तुकडा अपुराही असू शकतो. जनुकाच्या अलीकडचे दीड-दोन हजार अक्षर घ्यायची पद्धत आहे, पण नियमन कधी कधी जनुकाच्या पोटातच असतं. फुलातल्या अगॅमस जनुकाचं महत्त्वाचं नियमन त्याच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकातल्या प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यात, आहे. नुसत्या अलीकडच्या तुकड्यावर ते खरं चित्र दाखवत नाही.

आणि सगळ्यात गमतीची फसवणूक शॉर्ट-रूटची. या जनुकाचं आरएनए फक्त स्टीलमध्ये बनतं, म्हणून त्याच्या प्रमोटरचं गस मधला पट्टाच निळा करतं. पण त्याचं प्रथिन बाहेरच्या एका थरात चालत जातं आणि तिथे स्केअरक्रोला चालू करून एंडोडर्मिस घडवतं. हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे रंगणी अचूक, वाचनही अचूक, तरी "हे जनुक स्टीलमध्ये काम करतं" हे वाक्य अर्धं चूक. गसच्या चित्राखाली "प्रमोटर इथे चालू आहे" एवढंच लिहा.

प्रथिन कुठे आहे हे हवं असेल तर ते चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून कॉन्फोकल या लेझर सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जिवंत मुळाच्या भित्ती उठून दिसाव्यात म्हणून प्रोपिडियम आयोडाइड, १ मिलीला १० मायक्रोग्रॅम, पाच-दहा मिनिटं. हा लाल रंग कोवळ्या भागात स्टीलपर्यंत शिरतो. वर एंडोडर्मिसच्या भित्तीतली अडथळ्याची कास्पेरियन पट्टी तयार झाली की तिथे अडतो. म्हणजे एंडोडर्मिस कुठला हे तोच दाखवतो. गस रंगवलेलं मूळ मात्र यासाठी चालत नाही, ते मेलेलं असतं. अख्ख्या मुळाचं आरएनए काढून क्यूपीसीआर, म्हणजे त्याची मोजणी, केली तर जनुक किती वाढलं ते कळतं, कुठे ते नाही. लोहहीन आणि लोहयुक्त प्लेटमधला फरक आकड्यात सांगायला ते करा, गसच्या निळेपणाकडे बघून "तिप्पट" म्हणू नका.

जनुक बदललेली रोपं नसतील तर

अनेक महाविद्यालयांत ही परवानगी आणि सोय नसते. तिथे भुईमूग किंवा हरभऱ्याच्या मुळावर याच कहाणीचा दुसरा भाग बघता येतो. रोपं दोन गटांत, लोह असलेल्या आणि नसलेल्या पोषक द्रावणात आठवडाभर वाढवा. मग ०.१ मिलिमोलर फेरिक लोह-ईडीटीए आणि ०.३ मिलिमोलर फेरोझिन कोमट, पातळ अगारोजमध्ये मिसळून मुळांवर ओता आणि अंधारात ठेवा. मुळातल्या विकराने फेरिक लोहाचं फेरस रूप केलं की फेरोझिन त्याच्याशी जुळून जांभळा होतो. उपाशी मुळांभोवती जांभळे ढग कुठे जास्त जमतात, टोकाशी की वर, ते दर दहा मिनिटांनी फोटो काढून नोंदवा. हा विकराच्या कामाचा रंग आहे, जनुकाच्या अभिव्यक्तीचा नाही, आणि तो अगारोजमध्ये पसरतो, त्यामुळे थर सांगत नाही. अहवालात ते तसंच लिहा.

गसची रोपं, बिया आणि प्लेट काम संपल्यावर ऑटोक्लेव्ह करूनच टाका. इथेनॉलमध्ये ठेवलेली रंगीत मुळं फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा ट्यूबवर ओळीचा क्रमांक, रोपाचं वय, लोह होतं की नव्हतं आणि किती वेळ रंगवलं हे चारही पेन्सिलने लिहा. मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने जाते.